नवाहोंच्या पेरणीतला बर्फ

अमेरिकेतल्या मूळनिवासी नवाहो लोकांच्या भाषेत जमिनीवर साचलेल्या बर्फाला ‘यस’ म्हणतात, कुणी ‘झस’ही म्हणतं. बर्फ पडत असेल तर मात्र ‘नीचील’, म्हणजे शब्दच निराळा. आपल्याकडे दोन्हीला एकच ‘बर्फ’, आणि तोही फारसीतून घेतलेला.

नवाहो लोक राहतात ॲरिझोना-न्यू मेक्सिकोच्या कोरड्या पठारावर. पण ‘यस’चे सख्खे भाऊबंद हजारो किलोमीटर उत्तरेला आहेत. कॅनडातल्या डेने सुलिने भाषेत ‘यथ’, त्लिचोत ‘झाह’, अलास्का-युकॉनच्या ग्विचिनमध्ये ‘झ्याह’. या सगळ्या अथाबास्कन कुळातल्या भाषा. हे नाव आल्बर्ट गॅलाटिनने 1836 मध्ये रूढ केलं, तेही क्री भाषेतल्या एका तळ्याच्या नावावरून. बोलणाऱ्यांना स्वतःसाठी ‘डेने’ किंवा ‘दिने’ जवळचं वाटतं. या रूपांची तुलना करून भाषाशास्त्रज्ञ मूळ शब्द ‘यख्स’च्या जवळपासचा मानतात.

आता, नवाहोंच्या पठारावरही हिवाळ्यात बर्फ पडतोच. त्यामुळे नुसतं नाम टिकलं, यावरून नवाहो उत्तरेकडून आले असं सिद्ध होत नाही. भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीरला खरा धागा सापडला तो क्रियापदात. 1936 मध्ये ‘अमेरिकन अँथ्रोपॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात त्याने दाखवलं की, नवाहोत बी विखरून पडलंय हे सांगणारं क्रियापद मुळात बर्फाच्या या नामावरूनच आलंय. अथाबास्कन क्रियापदं वस्तूच्या आकार-प्रकाराप्रमाणे बदलतात. लांब काठी पडलीय यासाठी एक, सुटे कण पसरलेत यासाठी दुसरं. शेतकरी ओंजळीतून बी फोकतो तेव्हा मातीवर जे दिसतं, ते भुरभुरून पडलेल्या बर्फासारखंच की! शिकारीवर जगणाऱ्यांच्या भाषेत पेरणीला शब्द नव्हता, तिथे बर्फाचा कामाला आला.

सपीर काही एका शब्दावर विसंबला नाही. नवाहोत भोपळ्याला नि त्यापासून केलेल्या डावाला, म्हणजे मोठ्या चमच्याला, जो शब्द आहे, त्याचा जुना अर्थ त्याला जनावराचं शिंग असा लागला, कारण उत्तरेत चमचे शिंगाचे असत. मक्याला नवाहोत ‘नादां’ म्हणतात. त्याची फोड सपीरने केली ती ‘परक्यांचं अन्न’ अशी. हे परके म्हणजे पुएब्लो शेजारी, ज्यांच्याकडून नवाहो शेती शिकले.

‘यस’ कॅलेंडरातही आहे. नवाहोंचा जानेवारी म्हणजे ‘यस निल्तेस’, शब्दशः बर्फ शिजण्याचा महिना.