फाइलमध्ये ‘रिससिटेट’ लिहिलंय, म्हणजे नेमकं काय झालं?

हॉस्पिटलची कागदपत्रं मराठीत करून घ्यायला आम्हा भाषांतरकारांकडे येणारे नातेवाईक सर्वांत जास्त घाबरतात ते या शब्दाला. मरणाच्या दारातून परत आणणं, हा अर्थ बरोबरच आहे. पण डॉक्टर तो इतरही ठिकाणी वापरतात, म्हणून शेजारचे शब्द वाचल्याशिवाय घाबरू नका.

सोबत ‘सीपीआर’ असेल, तर हृदय किंवा श्वास थांबला होता आणि छाती दाबून, कृत्रिम श्वास देऊन तो सुरू करण्याची धडपड झाली. सीपीआरमधला ‘आर’ याच शब्दाचा. मोठ्या माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबतात. त्यात बरगडी मोडू शकते, तशी नोंद दिसली तर ती हयगय समजू नका.

‘फ्लुइड रिससिटेशन’ मात्र वेगळं. डेंग्यू, जुलाब, भाजणं, रक्तस्राव यांत शरीरातलं पाणी किंवा रक्त कमी होऊन रक्तदाब घसरतो, तेव्हा शिरेतून भराभर सलाइन देतात. यासाठी हृदय बंद पडलेलं असावं लागत नाही. आम्ही अशा ठिकाणी ‘सलाइन देऊन रक्तदाब सावरला’ असं लिहितो, कारण ‘पुनरुज्जीवित केले’ वाचून घरच्यांची झोप उडते.

बाळंतपणाच्या कागदावर ‘रिससिटेशन नॉट रिक्वायर्ड’ असेल, तर बाळाने स्वतःहून नीट श्वास घेतला. आनंदाची ओळ आहे ती.

‘अटेम्प्टेड’ म्हणजे प्रयत्न केला. यश आलं की नाही, ते पुढच्या ओळीत शोधा. विम्याच्या कागदांत हा फरक महत्त्वाचा ठरतो.

आता ‘डू नॉट रिससिटेट’, म्हणजे डीएनआर. हृदय थांबलं तर सीपीआर करू नये, एवढाच त्याचा अर्थ. वेदनाशामक, ऑक्सिजन, इतर औषधं या एका ओळीने बंद होत नाहीत. याविषयी आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२० साली मार्गदर्शक सूचना काढल्या. रुग्णाशी किंवा घरच्यांशी बोलणं त्यांत अपेक्षित आहे. म्हणून सही करण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा: काय चालू राहील, काय थांबेल? असं विचारण्यात संकोच कसला!

भाषांतरासाठी एका ओळीचा फोटो पाठवू नका, पूर्ण डिस्चार्ज कार्ड द्या. उपचारांबद्दलचा सल्ला मात्र डॉक्टरांकडूनच घ्या.