आधी चप्पल, मग मूड

परवा जिन्यात शेजारचे काका म्हणाले, "तासभर बोलायचे हजार-पंधराशे? त्यापेक्षा कट्ट्यावर ये, आम्ही फुकट ऐकतो." थट्टाच ती, पण तिच्यामागचा समज फार पसरलेला आहे: नैराश्यावरचा मानसोपचार म्हणजे मन मोकळं करणं. मन मोकळं होतं, हे खरं. पण मला ज्या उपचारपद्धतीचं वेड आहे तिच्यात बोलण्यापेक्षा वहीत लिहिणं आणि चप्पल घालणं यांना जास्त महत्त्व आहे. नाव बोजड आहे, बिहेविअरल ॲक्टिव्हेशन, म्हणजे कृतीला चालना. मुळाशी गोष्ट उंदराची आहे.

पिंजऱ्यातल्या उंदराने कळ दाबली की दाणा मिळतो, म्हणून तो कळ पुन्हा दाबतो. हे शाळेत वाचलेलं असतं. आता दुसरा पिंजरा घ्या. तळाच्या जाळीतून विजेचा सौम्य झटका येतोय आणि कळ दाबली की तो थांबतो. उंदीर हीही कळ दाबायला शिकतो. हाती काही लागलं नाही, नुसता त्रास टळला. तेवढ्यानेच सवय पक्की झाली. मानसशास्त्रात याला ऋण प्रबलन म्हणतात.

1973 मध्ये चार्ल्स फर्स्टर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने नैराश्याकडे याच नजरेने पाहिलं. समजा, मित्राचा फोन वाजतोय. उचलला तर 'मस्त चाललंय' असं नाटक करावं लागणार, म्हणून आपण तो वाजू देतो. फोन थांबतो आणि हायसं वाटतं. ते हायसं वाटणं म्हणजे थांबलेला झटका! उद्या फोन टाळणं आणखी सोपं. मग भिशी टळते, सकाळचं फिरणं टळतं, आंघोळ दुपारवर जाते. एकेका टाळण्याने सुटका मिळते, पण ज्या ठिकाणांहून आयुष्यात दाणे यायचे ती ठिकाणंही एकेक करून बंद होतात. दाणे नाहीत म्हणून मन खचतं, खचलं म्हणून आणखी टाळलं जातं. चक्र पुरं झालं.

हे चक्र विचारांपाशी तोडायचं की कृतीपाशी? सिॲटलमध्ये मानसशास्त्रज्ञ नील जेकबसन यांनी 1996 मध्ये याचीच परीक्षा घेतली. त्यांनी ॲरन बेक यांच्या गाजलेल्या विचार-वर्तन उपचाराचे भाग सुटे केले आणि सुमारे दीडशे रुग्णांत तुलना केली. फक्त कृतीचा भाग, म्हणजे बिहेविअरल ॲक्टिव्हेशन, मिळालेले रुग्ण संपूर्ण उपचार मिळालेल्यांइतकेच सुधारले.

प्रत्यक्षात रुग्ण आठवडाभर तासातासाची नोंद ठेवतो: काय केलं आणि मन कसं होतं, 0 ते 10. मग समुपदेशक आणि तो मिळून एखादी अगदी लहान कृती ठरवतात. 'रोज पाच किलोमीटर चाल' असं नव्हे. 'सहा वाजता चप्पल घालून फाटकापर्यंत', एवढंच. मूड असो वा नसो. काही जण कृतीआधी अंदाजही लिहितात: मजा येईल 1. आल्यावर लिहितात: आली 4. या फरकात गंमत आहे. मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत मेंदूतल्या डोपामाइन-पेशी फळाच्या रसाला जेवढ्यास तेवढा प्रतिसाद देत नव्हत्या; अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांच्यातल्या फरकाला देत होत्या. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं तर त्या उसळतात, अपेक्षेइतकंच मिळालं तर ढिम्म, कमी मिळालं तर मंदावतात. नैराश्यात अंदाजच तळाला गेलेला असतो, तेव्हा वहीतला 1 आणि 4 मधला फरक हा मेंदूला नवा धडा असावा, असं एक अनुमान आहे. अनुमानच. त्यामुळे 'एकवीस दिवसांत मेंदूचं रिवायरिंग' विकणाऱ्या रील्सवाल्यांनी हा परिच्छेद उचलू नये. आणि ज्यांना नैराश्य 'बाहेरचं' वाटतं त्यांचे अंगारे-धुपारे तर नकोच. त्यात उपचाराचे महिने वाया जातात.

"मग आम्हीही हेच सांगतो की, उठ आणि कामाला लाग!" असं घरचे म्हणतील. त्या वाक्यात न वही आहे, न पायऱ्या, न कोणती गोष्ट टाळली जातेय याचा शोध. उरतो तो फक्त टोमणा, म्हणजे टाळावं असं आणखी एक काहीतरी.

या पद्धतीसाठी मोठी पदवी लागतेच असंही नाही, हे आपल्या शेजारी गोव्यात दिसलं. 'संगाथ' या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत सामान्य माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केलं. तीव्र नैराश्याच्या 495 रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यागत दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला डॉक्टरांच्या नेहमीच्या उपचारांसोबत सहा ते आठ भेटी मिळाल्या. तीन महिन्यांनी त्या गटातले 64 टक्के रुग्णांची लक्षणं नैराश्याच्या उंबरठ्याखाली आली. नुसत्या नेहमीच्या उपचारांत 39 टक्के. 2017 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. उरलेले 36 टक्के विसरू नका. काहींना औषधं लागतात, आणि जीव नकोसा वाटत असेल तर वही बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञाकडेच जायचं, त्याच दिवशी.

कुठे जावं ते कळत नसेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, 14416, मराठीतूनही बोलता येतं. आणि समुपदेशक मिळाला की पहिल्याच भेटीत एक प्रश्न जरूर विचारा: "पुढच्या भेटीपर्यंत मी घरी काय करायचं?"