बीपीच्या गोळीची ‘सवय’ लागते का?

‘बीपीची गोळी एकदा सुरू केली की शरीराला तिची सवय लागते, म्हणून शक्य तितकी टाळा’ असा संदेश इंदूरच्या मराठी घरांमध्ये वर्षानुवर्षे फिरतो आहे.

असं वाटण्यामागे कारण आहे. गोळी बंद केली की काही दिवसांत बीपी पुन्हा वाढतं, आणि ती सवय वाटते. खरं तर गोळी रक्तदाब आटोक्यात ठेवते, त्याचं मूळ काढत नाही. परिणाम ओसरला की मूळचा दाब पुन्हा दिसतो. व्यसनात असते तशी तलफ इथे नसते. काही गोळ्या, उदाहरणार्थ मेटोप्रोलॉल, एकदम सोडल्या तर मात्र धोका असतो. त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळूच कमी करतात.

बीपी आटोक्यात आहे का, याचा पडताळा घरी घेता येतो. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, दंड हृदयाच्या पातळीवर. चहा-तंबाखू अर्धा तास आधीपासून नको. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजून वहीत लिहा. घरच्या मोजणीची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त येत असेल, तर वही डॉक्टरांना दाखवा.

आणि विचारा: ही गोळी कशासाठी, किती काळ, डोस कधी कमी होईल? वजन आणि मीठ कमी केल्यानं काहींचा डोस खरंच घटतो (पोह्यांवरच्या शेवेतलं मीठही यात आलं). ‘चालू ठेवा’ एवढ्यावर उठू नका. डॉक्टरांनी सांगितलेलं आपल्या शब्दांत त्यांनाच सांगून बघा. चुकलं तर तिथेच कळतं.