स्थिर पान आणि चालू आकडा : एक खुलासा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे वाचनालयांची किंवा केळी उत्पादक संस्थांची संकेतस्थळे करून देणाऱ्यांमध्ये एक समज फार दिवसांपासून टिकून आहे : पान साध्या एचटीएमएलमध्ये (पानाचा मजकूर मांडण्याच्या भाषेत) लिहिलेले, म्हणजे स्थिर असेल, तर डेटाबेसमधील नोंदींची चालू संख्या त्यावर दाखवता येत नाही आणि त्यासाठी सगळे संकेतस्थळ पीएचपीत, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेत, नव्याने लिहावे लागते. एचटीएमएलला स्वतःहून डेटाबेस वाचता येत नाही, एवढेच यात खरे आहे. पान उघडल्यावर ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट ही भाषा सर्व्हरवरच्या एका छोट्या प्रोग्रामकडून आकडा मागवून घेऊ शकते, आणि ही सोय इंटरनेट एक्सप्लोरर ५ या ब्राउझरमध्ये, म्हणजे १९९९ सालीच आली होती. डेटाबेसचा पासवर्ड मात्र त्या प्रोग्रामपाशीच राहिला पाहिजे. तो पानातल्या स्क्रिप्टमध्ये लिहिणे म्हणजे कुलूप लावून किल्ली कडीलाच अडकवणे होय.

खरी अडचण मोजणीची आहे, आणि तिच्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही. मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीचे जुने मायआयसॅम इंजिन (नोंदी साठवणारा भाग) एकूण नोंदींचा आकडा तयार ठेवते. तिचेच नवे इंजिन इनोडीबी आणि पोस्टग्रेएसक्यूएल ही दुसरी डेटाबेस प्रणाली यांना मात्र, एकाच क्षणी वेगवेगळ्या व्यवहारांना (डेटाबेसवर एकाच वेळी चाललेल्या वाचन-लेखनाच्या कामांना) वेगवेगळ्या नोंदी दिसू शकत असल्यामुळे, अचूक संख्येसाठी प्रत्यक्ष मोजावे लागते. काही हजार सभासदांच्या यादीत हे जाणवतही नाही. तक्ता लाखो नोंदींचा असेल, तर दर पाच मिनिटांनी मोजून आकडा साध्या फाइलीत लिहून ठेवावा, पानाने तीच वाचावी आणि शेजारी मोजणीची वेळ छापावी.