पार्श्वभूमी : संवाद नसलेला विज्ञानपट

तुटपुंज्या पैशांत, एकाही संवादाशिवाय केलेला विज्ञान-अद्भुतपट आला की त्याला मूकपटाचा वारस ठरवलं जातं. ते अर्धंच खरं. मूकपटात शब्द भरपूर असत. दृश्यांच्या मधे पाट्या येत, वाचता न येणाऱ्यांसाठी थिएटरात कुणीतरी त्या मोठ्यानं वाची, सोबत पेटी-तबला वाजे. आजचा संवादहीन चित्रपट पाट्याही टाळतो. त्याचं खरं घराणं दोन ठिकाणी सापडतं : ट्रिक सीन आणि डबिंग स्टुडिओ. मुंबईत दोन्ही मुरलेले आहेत.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. त्याआधी दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित करून दाखवली होती. त्या काळच्या बहुतेक हातकॅमेऱ्यांत हँडलच्या एका फेऱ्याला फिल्मच्या ८ चौकटी (फ्रेम) सरकत. सेकंदाला दोन फेरे म्हणजे १६ चौकटी. त्या हिशेबानं असं मिनिटभराचं दृश्य हवं असेल तर ९६० चौकटी अंतरा-अंतरानं टिपाव्या लागतात. मधे स्टँड केसभर हलला तर रोप उडी मारतं, ऊन बदललं तर लुकलुकतं. दुहेरी चित्रणातही फेऱ्यांचीच मोजदाद : अर्धी चौकट झाकून शूट करायचं, फिल्म तितकेच फेरे मागे न्यायची, मग उरलेली अर्धी. एक फेरा चुकला की दोन्ही बाजूंच्या हालचालीत अर्ध्या सेकंदाचा फरक. (३,७०० फुटांचा 'हरिश्चंद्र' ४० मिनिटांचा होता असं सांगतात, तो हिशेब २४ चौकटींचा. १६च्या वेगानं तो तासभर चालतो.)

पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. स्टुडिओलगत रेल्वेचे रूळ असल्यानं त्याचं शूटिंग रात्री उशिरा, गाड्या थांबल्यावर चाले. तरी शब्दांवाचून चालणारे चमत्कार संपले नाहीत. १९३७च्या 'ख्वाब की दुनिया'त अदृश्य माणूस होता, आणि बाबूभाई मिस्त्रींनी काळ्या पडद्यापुढे काळ्या धाग्यानं वस्तू हलवल्या. त्यावरून त्यांचं नावच 'काला धागा' पडलं. या युक्तीत प्रकाश बाजूनं आणि फक्त वस्तूवर हवा. समोरून पडला तर धागा चमकतो. पन्नास वर्षांनी, १९८७मध्ये, पीटर परेरांनी 'मिस्टर इंडिया'त अदृश्य नायक दाखवला आणि त्याच वर्षी सिंगीतम श्रीनिवास राव यांचा संवादहीन 'पुष्पक' आला. अद्भुत एकीकडे, अबोला दुसरीकडे; तेव्हा तरी दोन्ही एकत्र आले नाहीत.

दुसरं घराणं आवाजाचं. ॲरी २सी कॅमेरा इतका खडखडे की सेटवरचा आवाज नुसता पायलट म्हणून, म्हणजे डबिंगला आधार म्हणून, ठेवत. संवाद तर डब होतच, पण पाऊल, बांगडी, कडी-कोयंडा हेही स्टुडिओत नव्यानं करावं लागे. 'लगान'नं २००१मध्ये सिंक साउंड, म्हणजे शूटिंगच्या वेळीच घेतलेला आवाज, पुन्हा रुळवलं, तोवर या शहरात फोलीवाल्यांच्या, म्हणजे पडद्यावरची हालचाल बघत तिचे आवाज करणाऱ्यांच्या, पिढ्या तयार झाल्या होत्या. संवादहीन विज्ञानपट उभा राहतो तो या कारागिरीवर.

पैसे वाचतात ते सेटवर. बूम (लांब दांड्यावरचा माइक) नको, डबिंग नको, सबटायटल नको, आणि चालू टेकमध्ये दिग्दर्शक ओरडून सूचना देऊ शकतो. पण वाचलेल्या पैशांतला बराचसा फोलीत जातो. प्रत्येक लोकेशनचा मिनिटभर नुसता ॲम्बियन्स, म्हणजे तिथला पार्श्वआवाज, घ्यायलाच हवा. तो नसला तर कट ऐकू येतात. फोली तीन फेऱ्यांत : पावलं, कपडे, वस्तू. एरवी संवादाखाली दडणारी कपड्यांची सळसळ इथे उघडी पडते, म्हणून स्पेससूटसाठी जाड ताडपत्री आणि रेक्झिन आधी वेगवेगळं वाजवून पाहतात. हेल्मेटमधला श्वास हेल्मेट घालूनच, आत छोटा माइक लावून आणि अंगमेहनत करत रेकॉर्ड करायचा. खुर्चीत बसून घेतलेला श्वास लगेच खोटा वाटतो. बोटाच्या प्रत्येक हालचालीला टिकटिक दिली की कार्टून होतं. एका शॉटला एकदोन आवाज पुरतात. सर्वांत नेहमीचा दोष मात्र शांततेला घाबरून टोकापासून टोकापर्यंत पसरलेलं संगीत.

लेखनातही पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट हे गणित कोसळतं. फोनवर कच्चं ॲनिमॅटिक (शॉटच्या चित्रांची वेळेनुसार जोडलेली चित्रफीत) करून शॉटची लांबी ठरवलेली बरी. लाटव्हियाचा 'फ्लो' (२०२४) ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये झाला आणि त्याला ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. तिथेही एक शब्द नाही.

मिक्सिंगची अडचण वेगळीच. साउंड इंजिनिअर सहसा आधी संवादाची पातळी लावतो आणि बाकी सगळं तिच्याभोवती बसवतो. इथे तो खुंटाच नाही, म्हणून श्वास किंवा पावलं धरून चालावं लागतं. ओटीटीसाठी संवादावर मोजली जाणारी लाउडनेस (आवाजाची सरासरी पातळी) इथे लागू पडत नाही. सबंध चित्रपटाची मोजावी लागते. आणि स्टुडिओत ऐकू आलेला बारीक आवाज छोट्या थिएटरात एसीच्या घरघरीखाली बुडतो, म्हणून अंतिम मिक्सआधी एक रीळ एसी चालू असलेल्या साध्या थिएटरात लावून ऐकायचं.