झिओलाइट आणि अणुकचरा : शेततळ्यात मासे पाळणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"भाऊ, हे त्या अणुकचऱ्यातलं त नाही नं?" अणुकचऱ्यात झिओलाइट वापरतात अशी कुठलीशी क्लिप मोबाइलवर फिरली आणि पोतं उचलता उचलता बरेच जण हेच विचारू लागले. गर्दीत दोन वाक्यांत नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक छापलं.

आधी सरळ उत्तर. तळ्यातला अमोनिया ओढायला टाकतात ते आमच्याकडचं झिओलाइट म्हणजे खाणीतला दगड, दळून-चाळून पोत्यात भरलेला. अणुकेंद्रात वापरलेलं झिओलाइट बाजारात येत नाही, ते पहाऱ्यात ठेवावं लागतं. पण दोन्हीकडचा दगड एकाच घराण्यातला, हेही खरं.

हा दगड आपल्याला परका नाही. बुलडाणा-अकोल्याकडे विहीर फोडताना काळ्या दगडाच्या पोकळीत मोत्यासारखे चमकणारे पांढरे खडे निघतात, त्यातले बरेचसे झिओलाइटच असतात. तळ्यात टाकायचा क्लिनोप्टिलोलाइट हा त्यांचाच भाऊबंद. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनची ही जाळी. जिथे सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसतो तिथे एक ऋण भार उरतो. तो भागवायला सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियमचे धन आयन (म्हणजे भार असलेले अणू) जाळीच्या भोकांत बसलेले असतात, पण सैल. पाण्यातून जास्त पसंतीचा आयन आला की जुना उठतो, नवा बसतो.

पाण्यात प्रत्येक आयन अंगावर पाण्याचे रेणू पांघरून फिरतो. सोडियम लहान, पण त्याचं पांघरूण जाड. सिझियम (अणुकचऱ्यात सापडणारा एक धातू) मोठा, पण त्याचं पांघरूण सैल. ते टाकून तो भोकात शिरतो. अमोनियम, म्हणजे पाण्यात गेलेल्या अमोनियाचा आयन, हाही बराचसा तसाच वागतो. म्हणून माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून होणारा अमोनिया ओढणारा दगडच किरणोत्सारी सिझियमही ओढतो. अमेरिकेत थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राच्या 1979 च्या अपघातानंतर दूषित पाणी झिओलाइटमधून गाळलं. इंग्लंडमध्ये सेलाफील्डच्या अणुकेंद्रात 1985 पासून क्लिनोप्टिलोलाइट वापरात आहे. जपानमधल्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात 2011 च्या अपघातानंतर तळघरांत झिओलाइटची पोतीच टाकली. त्या पोत्यांनी एवढा सिझियम धरला की आता माणसाला जवळ जाता येत नाही, ती काढायला यंत्रमानव लागतात.

दगड किरण विझवत नाही. रसायनशास्त्राची पोच अणूच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनपर्यंत, किरण निघतात आतल्या केंद्रकातून. सिझियम-137 निम्मा व्हायला सुमारे 30 वर्षं लागतात, हजारावा हिस्सा उरायला 300. तोवर तो पाण्याबरोबर वाहून जाऊ नये, एवढंच माणसाच्या हातात आहे.

आणि नुसतं झिओलाइट त्याला पुरत नाही. का, ते बादलीत पाहा. तळ्याचं पाणी घ्या, अमोनिया किटने तपासा, अमोनिया असेल तर रंग हिरवा येईल. ओंजळभर झिओलाइट टाकून अधूनमधून ढवळा. दुसऱ्या दिवशी तपासलं की हिरवा उतरून पिवळ्याकडे गेलेला दिसेल. आता दोन मुठी मीठ विरघळवा आणि काही तासांनी पुन्हा तपासा. रंग परत हिरवा. मिठातल्या सोडियमची गर्दी एवढी होते की पसंती कमी असूनही तो अमोनियमला उठवतो. धरलेलं सुटतं.

अणुकचऱ्यात असं सुटून चालणार नाही. म्हणून पाण्यातून धरणं ही पहिली पायरी, आणि त्यानंतर सिमेंटमध्ये किंवा काचेत जखडणं. जास्त तीव्र कचरा आपल्याकडे तारापूर, तुर्भे (ट्रॉम्बे) आणि कल्पाक्कमला बोरोसिलिकेट (बोरॉन घातलेल्या) काचेत वितळवून स्टीलच्या डब्यांत ओततात. राखेत निखारा पुरतो तसं हे नुसतं झाकणं नाही. कचऱ्यातला सिझियमसारखा धातू काचेच्या सिलिकॉन-ऑक्सिजनच्या विणीतच बांधला जातो, काच फुटली तरी तुकड्यातुकड्यात अडकून राहतो. तुर्भ्याच्या कचऱ्यात सल्फेट जास्त, ते साध्या बोरोसिलिकेटमध्ये नीट विरघळत नाही, म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने तिथे बेरियम घातलेली काच बनवली. हे काम फार कमी लोकांना माहीत आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

तुमच्यासाठी कामाचं एवढंच : रोगावर मीठ टाकायचं असेल तर त्याच दिवसांत झिओलाइट टाकू नका, पैसेही वाया आणि अमोनियाही वर. तळ्याच्या गाळाबरोबर निघालेलं जुनं झिओलाइट कपाशीच्या वावरात पसरा, त्यातलं नत्र पिकाला मिळतं. आणि बादलीचा प्रयोग पाहायचा असेल तर तळ्याचं पाणी बाटलीत घेऊन या, किट दुकानात आहे.