गाव एक, टीबीची कुळं अनेक

धुऱ्यावर उभं राहून पाहिलं तर वावरातली तूर सगळी सारखीच दिसते. मर रोग आला की मात्र भेद उघडा पडतो. चार तासं वाळून जातात आणि शेजारची ‘मारोती’ हिरवीगार उभी राहते. पीक एकच, वाण वेगळे. क्षयरोगाच्या जंतूचेही असे वाण असतात, फक्त ते डोळ्यांना दिसत नाहीत.

आशाताईंनी दिलेल्या डबीतून सकाळचा बेडका आरोग्य केंद्रात जातो. काचपट्टीवर रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला की निळ्या रंगात बारीक लाल काड्या दिसतात. रुग्ण मेळघाटातला असो की उमरेडचा, काड्या हुबेहूब तशाच. फरक असतो तो आतल्या सुमारे ४४ लाख अक्षरांच्या डीएनएत. पुष्कळ जंतू शेजाऱ्यांशी जनुकांची देवाणघेवाण करतात, क्षयाचा जंतू जवळजवळ करतच नाही. एखादं अक्षर बदललं की तो बदल लेकरा-नातवंडांत उतरत जातो, म्हणून त्याची वंशावळ बरीच स्वच्छ लावता येते.

या डीएनएत एका ठिकाणी ३६ अक्षरांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो आणि दर दोन तुकड्यांमध्ये वेगळा मजकूर असतो. असे ४३ मजकूर घेऊन प्रत्येक हजर की गैरहजर, एवढंच नोंदवायचं. शाळेचा हजेरीपटच म्हणा ना! १९९७ पासून वापरात असलेल्या या पद्धतीला स्पॉलिगोटायपिंग म्हणतात. एकाच पूर्वजापासून आलेल्या वाणांच्या गटाला कूळ म्हणतात. त्यातल्या बीजिंग कुळात पहिले ३४ गैरहजर असतात, शेवटचे ९ हजर. मध्य आशियाई कुळात ४ ते ७ आणि २३ ते ३४ नसतात. हिंदी महासागरी कुळात २९ ते ३२ आणि ३४ गळालेले असतात. गळालेला मजकूर पुन्हा येत नाही, म्हणून पटावरून कूळ ओळखता येतं.

दक्षिण भारतात हिंदी महासागरी कुळाचं प्राबल्य आहे, उत्तरेत मध्य आशियाई कुळाचं. मध्य भारतात दोन्ही सापडतात. त्यात नवल नाही. दिल्ली-चेन्नई आणि हावडा-मुंबई हे लोहमार्ग नागपुरातच एकमेकांना छेदतात, गडचिरोलीची माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात, आणि जंतू माणसाच्या फुप्फुसात बसूनच फिरतो.

आता समजा, कापूस वेचणाऱ्या एका बाईनं सहा महिन्यांचा कोर्स पुरा केला आणि दोन वर्षांनी खोकला परत आला. ‘गोळ्या नीट खाल्ल्या नसतील,’ असं घरचेही म्हणतात अन् शेजारचेही. दोन्ही वेळचे जंतू ताडून पाहिले तर खरं काय ते कळू शकतं. वाण तोच असेल तर बहुधा जुनाच आजार उलटला, तेव्हा औषधं लागू पडतात का हे आधी पाहायचं. वाण वेगळा निघाला तर लागण नवी आहे. म्हणजे तिच्या आसपास कुणीतरी उपचाराविना खोकतो आहे, त्याला शोधायला हवं. आणि त्या बाईवरचा आळही उतरतो. मला या शास्त्राचं सगळ्यात मोठं मोल इथेच वाटतं.

मात्र एकाच भागातल्या अनेक रुग्णांचा हजेरीपट सारखा निघतो, त्यामुळे कुणाकडून कुणाला लागण झाली हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी जवळपास सगळा डीएनए वाचावा लागतो. त्यात साधारण दोन-तीन वर्षांत एखादंच अक्षर बदलतं. दोन रुग्णांच्या जंतूंत पाचपर्यंत अक्षरांचा फरक असेल तर लागण अलीकडची धरतात, शेकड्यांत असेल तर एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. आरोग्य केंद्रांना ओळखीची सीबीनॅट चाचणी दोन तासांत टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल का हे सांगते, कूळ सांगत नाही.

मोठ्या रुग्णालयांपर्यंत पोचलेल्यांचेच नमुने तपासले तर विदर्भाचं चित्र अर्धंच राहील, असं मला ठामपणे वाटतं. दूरच्या पाड्यांतले नमुने यायलाच हवेत. कूळ ओळखायला बहुतेक वेळा जंतू आधी वाढवावा लागतो. अंड्याच्या हिरवट माध्यमावर त्याच्या खरबरीत, पिवळट वसाहती दिसायला तीन ते आठ आठवडे जातात. एकाचे दोन व्हायलाच त्याला सुमारे एक दिवस लागतो. मे महिन्याच्या उन्हात डबी तापली तर बेडक्यातले बाकीचे जंतू माजतात आणि हा मागे पडतो. तेव्हा भामरागड किंवा धारणीच्या रुग्णाचं कूळ कळायचं, तर आधी तिथे बर्फाची पेटी आणि वेळेवर निघणारी गाडी लागते.